विहिरीच्या पाण्यातील कीटकनाशकांचे अवशेष गॅस क्रोमॅटोग्राफीने कसे मोजावेत

सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर तिच्यात सुमारे १ लाख १३ हजार लिटर पाणी असते. फवारणीसाठी आणलेल्या क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी या, पाण्यात दुधाळ मिसळणाऱ्या द्रव कीटकनाशकाच्या बाटलीतला एकच मोठा थेंब, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिलिटर औषध, त्या विहिरीत पडले आणि सगळ्या पाण्यात सारखे मिसळले, तर दर लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम क्लोरपायरिफॉस होते. बाटलीबंद पाण्यासाठी आयएस १४५४३ या भारतीय मानकाने कोणत्याही एका कीटकनाशकाला घालून दिलेली कमाल मर्यादा नेमकी एवढीच आहे. एवढ्या पाण्यात विरघळलेला तो एक थेंब शोधायचा, तो कशाचा आहे हे ओळखायचे आणि किती आहे हे आकड्यात सांगायचे, हे या लेखाचे काम आहे.

ज्यांच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातली संयुगे वायुरूपात लांब बारीक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढून मोजणारे यंत्र, आहे, पण पाण्यातील अवशेषांचे काम अद्याप नियमितपणे सुरू झालेले नाही, अशा रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि विश्लेषकांसाठी हे लिहीत आहे. उदाहरण म्हणून कपाशी, सोयाबीन आणि मका घेणाऱ्या शिवारातली, काळ्या जमिनीतली उघडी विहीर डोळ्यांपुढे ठेवली आहे, कारण आपल्याकडे नमुने बहुधा तिथूनच येतात. या कामात यंत्र चालवणे हा सोपा भाग आहे. ‘आढळले नाही’ हे दोन शब्द अहवालात लिहिण्याचा अधिकार मिळवणे हा अवघड भाग आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी ठरवा: काय शोधायचे आणि किती खोल

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत कीटकनाशकांची आणि तणनाशकांची स्वतंत्र यादी आहे. तिच्यातील मर्यादा प्रति लिटर मायक्रोग्रॅममध्ये पाहिल्या, तर अल्फा-एचसीएच (एचसीएच म्हणजे हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन) ०.०१, ऑल्ड्रिन व डायएल्ड्रिन मिळून ०.०३, बीटा-एचसीएच ०.०४, मिथाइल पॅराथिऑन ०.३, एंडोसल्फान ०.४, डीडीटी व त्याची रूपे १, ॲट्राझिन २, लिंडेन २, अलाक्लोर २०, क्लोरपायरिफॉस ३० आणि मॅलाथिऑन १९० अशी ती आहे. सर्वात कडक आणि सर्वात सैल मर्यादेत जवळपास वीस हजार पटींचे अंतर आहे. त्यामुळे एकच पद्धत यादीतल्या सगळ्यांना पुरेल असे गृहीत धरू नये.

यादीतली जुनी नावे पाहून नवीन विश्लेषकाला नवल वाटते. खेड्यापाड्यांत गॅमेक्सिन पावडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीएचसीवर, म्हणजे एचसीएचच्या रूपांच्या मिश्रणावर, १९९७ मध्ये बंदी आली, डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला आणि एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०११ मध्ये थांबले. तरीही ही संयुगे मातीला चिकटून राहतात आणि गाळासोबत पुन्हा पाण्यात येतात, म्हणून त्यांची तपासणी आजही करावी लागते.

गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मर्यादाही याच टप्प्यावर मान्य कराव्यात. जे संयुग न विघटता वायुरूप होते, तेच या यंत्राने मोजता येते. ग्लायफोसेट येथे थेट मोजता येत नाही. २,४-डी या आम्लाचे आधी एस्टर करून घ्यावे लागते. आयसोप्रोट्युरॉन तापलेल्या इंजेक्टरमध्ये तुटते. मोनोक्रोटोफॉस पाण्यात इतके विरघळते की ते सेंद्रिय द्रावकात पुरते उतरतच नाही. मोनोक्रोटोफॉस, आयसोप्रोट्युरॉन आणि ग्लायफोसेटसाठी द्रव क्रोमॅटोग्राफी जोडलेले मास स्पेक्ट्रोमीटर हेच योग्य साधन आहे. आपली पद्धत ज्यांना लागू नाही त्यांची नावे अहवालाच्या यादीत घालू नयेत, कारण त्या नावापुढे येणारे ‘आढळले नाही’ खोटे असेल.

नमुना घेणे

सर्वाधिक चुका विहिरीच्या काठावर होतात आणि त्या प्रयोगशाळेत कितीही काळजी घेतली तरी दुरुस्त होत नाहीत. फवारणीचे द्रावण बहुतेक ठिकाणी विहिरीजवळच्या ड्रममध्ये तयार होते आणि पाणी शेंदण्याची बादली व ड्रममध्ये पाणी ओतण्याची बादली अनेकदा एकच असते. म्हणून विहिरीवरची बादली वापरू नये. स्टीलचे स्वच्छ भांडे किंवा वजन बांधलेली काचेची बाटली स्वतःच्या दोरीने सोडून, पृष्ठभागाखाली अर्धा मीटर खोलीवरून पाणी घ्यावे. हातपंप किंवा कूपनलिका असेल, तर नळीत साठलेले पाणी आधी काही मिनिटे वाहू द्यावे.

बाटली एक लिटरची, गडद तपकिरी काचेची आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची हवी. प्लास्टिकची बाटली चालत नाही, कारण डीडीटी, एचसीएच यांसारखी ऑर्गॅनोक्लोरीन संयुगे तिच्या भिंतीत मुरतात आणि उलट तिच्यातून थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायने, पाण्यात उतरतात. बाटली त्याच पाण्याने विसळण्याची सवय इतर तपासण्यांत योग्य असली, तरी येथे ती मोडावी. विसळताना काचेला चिकटलेले कीटकनाशक नंतर भरलेल्या पाण्यात मिळते आणि आकडा फुगतो. एकदाच भरावे, गळ्यापर्यंत भरावे आणि झाकण लावावे.

प्रत्येक ठिकाणी किमान दोन बाटल्या घ्याव्यात, आणि दर फेरीत एक बाटली प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची सोबत न्यावी, जी विहिरीवर उघडून पुन्हा बंद केली जाते. हा क्षेत्रीय ब्लँक आहे. गाडीत औषधाच्या पिशव्या आणि नमुन्यांची पेटी शेजारी ठेवली गेली असेल, तर ते कोणी सांगितले नाही तरी हा ब्लँक सांगतो. नळाचे क्लोरीन घातलेले पाणी असेल तर बाटलीत आधीच प्रति लिटर ८० मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट ठेवावे, कारण शिल्लक क्लोरीन ऑल्ड्रिनसारख्या संयुगांना खाऊन टाकते.

बर्फाच्या पेटीतून आणलेला नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवावा आणि सात दिवसांच्या आत त्याचे निष्कर्षण करावे, म्हणजे त्यातले कीटकनाशक द्रावकात काढून घ्यावे. निघालेला अर्क चाळीस दिवसांपर्यंत टिकतो. मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस ज्यात येतात त्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटासाठी मात्र मी सात दिवसांची वाट पाहू नये असेच म्हणेन. आपल्याकडील बेसाल्टातल्या विहिरींचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस यांचे जलविघटन होत राहते. नमुना आला की लगेच सामू पाहावा, तो ५ ते ८ यांच्या दरम्यान आणावा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी निष्कर्षण उरकावे.

फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-चार दिवसांत घेतलेला नमुना आणि एप्रिलमध्ये घेतलेला नमुना यांची तुलना होऊ शकत नाही. तारीख, शेवटची फवारणी, औषधाचे नाव, पाऊस आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी हे सगळे नमुन्यासोबत लिहून आले पाहिजे.

काचसामान आणि द्रावके

काचेची भांडी साबणाच्या पाण्याने धुऊन, शुद्ध पाण्याने आणि मग ॲसिटोनने विसळून, ४०० अंश सेल्सिअसच्या मफल भट्टीत तासभर ठेवावीत. मोजमापाचे फ्लास्क आणि पिपेट भट्टीत घालू नयेत, कारण त्यांचे आकारमान बदलते. त्यांना द्रावकाने विसळणे पुरेसे आहे. निर्जल सोडियम सल्फेटही ४०० अंशाला चार तास भाजून घ्यावे. द्रावके अवशेष विश्लेषणाच्या प्रतीचीच घ्यावीत, आणि नवी बाटली फोडली की त्यातले १०० मिलिलिटर १ मिलिलिटरपर्यंत आटवून यंत्रात टाकून पाहावेत. आपण शे-दीडशे मिलिलिटरहून अधिक द्रावक १ मिलिलिटरवर आणणार आहोत, त्यामुळे द्रावकातली घाणही त्याच प्रमाणात घट्ट होते.

पाण्यातून द्रावकात

यासाठी दोन रस्ते आहेत. गढूळ पाण्यासाठी मी अजूनही जुन्या द्रव-द्रव निष्कर्षणाची शिफारस करतो, आणि स्वच्छ पाण्यासाठी घन-प्रावस्था कार्ट्रिजची.

द्रव-द्रव निष्कर्षणात बाटलीवर पाण्याच्या पातळीची खूण करून सगळे पाणी दोन लिटरच्या सेपरेटिंग फनेलमध्ये, म्हणजे विलगकारी नरसाळ्यात, ओतावे. त्यात १०० ग्रॅम भाजलेले मीठ विरघळवावे, म्हणजे अर्धवट ध्रुवीय संयुगेही द्रावकाकडे ढकलली जातात. मग ६० मिलिलिटर डायक्लोरोमिथेन आधी रिकाम्या बाटलीत घालून तिच्या भिंती विसळाव्यात आणि तेच फनेलमध्ये ओतावे. डीडीटीसारखे संयुग काचेला धरून बसते आणि ही विसळणी चुकली तर त्याचा मोठा वाटा बाटलीतच राहतो. दोन मिनिटे जोरात हलवताना दर काही सेकंदांनी तोटी उघडून वाफेचा दाब सोडावा. दहा मिनिटांनी थर वेगळे झाले की खालचा थर काढून घ्यावा आणि आणखी दोनदा प्रत्येकी ६० मिलिलिटर द्रावकाने हेच करावे. मध्ये दुधासारखा थर तयार झाला, तर काचेच्या कांडीने ढवळावे किंवा काचेच्या लोकरीतून गाळावे. तो थर फेकून देणे म्हणजे नमुन्याचा भाग फेकून देणे होय. शेवटी रिकाम्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ते मेझरिंग सिलिंडरने मोजावे. नमुन्याचे खरे आकारमान तेच.

कार्ट्रिजच्या पद्धतीत ५०० मिलिग्रॅमचे सी-१८ कार्ट्रिज वापरता येते. त्यातून क्रमाने ५ मिलिलिटर एथिल ॲसिटेट, ५ मिलिलिटर मिथेनॉल आणि ५ मिलिलिटर शुद्ध पाणी सोडावे, आणि मिथेनॉल लागल्यापासून नमुना संपेपर्यंत कार्ट्रिज कोरडे पडू देऊ नये. एक लिटर नमुन्यात ५ मिलिलिटर मिथेनॉल मिसळून तो मिनिटाला ५ ते १० मिलिलिटर या वेगाने ओढावा. घाई केली तर संयुगे न थांबता निघून जातात. नंतर निर्वातावर पंधरा-वीस मिनिटे कार्ट्रिज पूर्ण वाळवावे, आधी नमुन्याची बाटली एथिल ॲसिटेटने विसळून तेच द्रावक कार्ट्रिजमधून सोडावे आणि पुढे थोडे डायक्लोरोमिथेन सोडून अर्क गोळा करावा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने कार्ट्रिज तुंबते. अशा वेळी पाणी काचतंतूच्या गाळणीतून गाळावे, पण गाळणीवरचा गाळ टाकू नये. तोही द्रावकाने धुऊन अर्कात मिळवावा, कारण ऑर्गॅनोक्लोरीन संयुगांचा बराच भाग त्या गाळावरच असतो.

निष्कर्षण सुरू करण्यापूर्वीच प्रत्येक नमुन्यात, ब्लँकमध्ये आणि स्पाइकमध्ये (म्हणजे कीटकनाशक मुद्दाम ठरावीक प्रमाणात मिसळलेल्या पाण्यात) सरोगेट, म्हणजे विहिरीत नसणारे ओळखीचे संयुग ठरावीक प्रमाणात, मिसळावा. टेट्राक्लोरो-मेटा-झायलीन आणि डेकाक्लोरोबायफिनाइल ही जोडी यासाठी सोयीची आहे, कारण पहिले क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखाच्या, सुरुवातीला निघते आणि दुसरे अगदी शेवटी. त्यांची रिकव्हरी, म्हणजे मिसळलेल्यापैकी किती टक्के परत सापडले, ती पाहिली की त्या एका नमुन्यापुरते काम नीट झाले की नाही, हे कळते.

आटवणे

अर्क १० सेंटिमीटर उंच सोडियम सल्फेटच्या थरातून गाळून पाणी काढावे, रोटरी इव्हॅपोरेटरवर ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात ५ मिलिलिटरपर्यंत आणावे आणि पुढे नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली १ मिलिलिटरवर आणावे. इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर वापरणार असाल, तर मध्येच दोनदा हेक्झेन घालून डायक्लोरोमिथेन आणि एथिल ॲसिटेट पूर्ण घालवावे लागते. क्लोरीन असलेले द्रावक त्या डिटेक्टरला आंधळे करते. अर्क कधीही कोरडा पडू देऊ नये. नळी कोरडी पडली की एचसीएचची रूपे वाफेबरोबर निघून जातात आणि अहवालात विहीर स्वच्छ दिसते. दिवसभराच्या थकव्यानंतर, संध्याकाळी, ही चूक होते. म्हणून हा टप्पा सकाळी ठेवावा.

विहिरीच्या बऱ्याच पाण्याला आणखी शुद्धीकरण लागत नाही. अर्क पिवळा दिसत असेल तर फ्लोरिसिल कार्ट्रिजमधून काढावा, आणि गंधकाचा रुंद पीक (आलेखावरचा उंचवटा) क्रोमॅटोग्रामच्या पूर्वार्धात पसरत असेल तर अर्कात आम्लाने उजळलेली तांब्याची पूड घालून हलवावे. पूड काळी पडली म्हणजे गंधक तिने धरले.

यंत्र

पाच टक्के फिनाइल असलेल्या मिथाइल पॉलिसिलोक्झेनचा, ३० मीटर लांब, ०.२५ मिलिमीटर व्यासाचा आणि ०.२५ मायक्रोमीटर थराचा केशिका स्तंभ हे या कामाचे सर्वसाधारण साधन आहे. इंजेक्टर २५० अंशांवर, स्प्लिटलेस पद्धतीत (म्हणजे नमुन्याची वाफ न विभागता स्तंभात सोडून), १ मायक्रोलिटर नमुना आणि साधारण पाऊण ते एक मिनिटाने स्प्लिट झडप उघडणे, असा आरंभ ठेवावा. हेलियम मिनिटाला १ ते १.२ मिलिलिटर. ओव्हन ८० अंशांवर एक मिनिट, तिथून मिनिटाला २५ अंशांनी १८० पर्यंत, पुढे मिनिटाला ५ अंशांनी २८० पर्यंत आणि तिथे दहा मिनिटे. डिटेक्टर ३०० ते ३२० अंशांवर आणि मेक-अप नायट्रोजन मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर. हे आकडे सुरुवातीचे आहेत. आपल्या स्तंभावर ते थोडे सरकवावे लागतात.

इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये तयार केला. त्यात निकेल-६३ चा किरणोत्सारी स्रोत असतो, त्यातून निघणाऱ्या बीटा कणांमुळे वाहक वायूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा स्थिर प्रवाह चालू राहतो, आणि क्लोरीनसारखे हॅलोजन असलेले संयुग आले की ते इलेक्ट्रॉन पकडते व प्रवाह घटतो. ती घट म्हणजेच आपला पीक. स्रोत किरणोत्सारी असल्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात. डिटेक्टर स्वतः उघडू नये आणि त्याचा बहिर्वायू खोलीबाहेर सोडावा. सहा क्लोरीन असलेले एचसीएच या डिटेक्टरला फार चांगले दिसते, क्लोरपायरिफॉसही दिसते. एकच क्लोरीन असलेल्या ॲट्राझिनला मात्र तो क्षीण प्रतिसाद देतो. ॲट्राझिन आणि मॅलाथिऑनसाठी नायट्रोजन-फॉस्फरस डिटेक्टर किंवा मास स्पेक्ट्रोमीटर हवा.

आणखी एक गोष्ट या डिटेक्टरबद्दल लक्षात ठेवावी: तो इलेक्ट्रॉन पकडणारे काहीतरी आले एवढेच सांगतो, नाव सांगत नाही. नाव आपण निघण्याच्या वेळेवरून देतो, आणि तिथेच फसगत होते. वर सांगितलेल्या स्तंभावर क्लोरपायरिफॉस आणि ऑल्ड्रिन जवळजवळ येतात, पी,पी-डीडीई आणि डायएल्ड्रिन एकमेकांना चिकटतात, आणि एंडोसल्फान सल्फेट व पी,पी-डीडीटी यांचीही तीच गत होते. हातमोज्यांतून आलेले थॅलेटही मध्येच उगवतात. म्हणून एका स्तंभावरच्या पीकवर विसंबून कोणत्याही विहिरीला दूषित ठरवू नये. वेगळ्या ध्रुवीयतेच्या दुसऱ्या स्तंभावर तेच नाव आणि जवळपास तेच प्रमाण आले पाहिजे, किंवा मास स्पेक्ट्रोमीटरने खात्री करावी. निवडक आयन पाहताना क्लोरपायरिफॉससाठी १९७, १९९ आणि ३१४, ॲट्राझिनसाठी २०० आणि २१५, डीडीटीसाठी २३५, २३७ आणि १६५, डीडीईसाठी २४६ आणि ३१८, अल्फा-एचसीएचसाठी १८१, १८३ आणि २१९, मॅलाथिऑनसाठी १७३ आणि १२७ हे आयन वापरता येतात. आयनांचे परस्पर प्रमाण स्टँडर्डच्या प्रमाणापासून तीस टक्क्यांहून अधिक ढळले, तर त्या पीकला ते नाव देऊ नये.

इंजेक्टरची परीक्षा

रोज सकाळी नमुन्यांच्या आधी फक्त एंड्रिन (हेही एक ऑर्गॅनोक्लोरीन कीटकनाशक) आणि पी,पी-डीडीटी असलेले द्रावण टाकावे. इंजेक्टरची काचनळी मळलेली असेल, तर तिच्या तापलेल्या भिंतीवर डीडीटी तुटून डीडीई आणि डीडीडी होते, आणि एंड्रिनचे एंड्रिन आल्डिहाइड व एंड्रिन कीटोन होते. तुटलेल्या पीकांच्या क्षेत्रफळाची बेरीज एकूण क्षेत्रफळाच्या १५ टक्क्यांहून अधिक झाली, तर त्या दिवशी नमुने चालवू नयेत. काचनळी व सेप्टम बदलावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्तंभाचा इंजेक्टरकडचा अर्धा मीटर तुकडा कापावा.

या परीक्षेला मी इतके महत्त्व का देतो, तेही सांगतो. डीडीई हे डीडीटीचे जुने, मातीत विघटन झालेले रूप आहे. पाण्यात डीडीई जास्त आणि डीडीटी कमी दिसले, तर आपण ‘हा दशकांपूर्वीच्या वापराचा अवशेष’ असा अर्थ लावतो. मळलेला इंजेक्टर नव्या डीडीटीलाही जुने करून दाखवतो, आणि कोणी आजही ते वापरत असेल तर ते झाकले जाते. एचसीएचच्या बाबतीतही रूपांचे प्रमाण बोलके असते. तांत्रिक बीएचसीत ६० ते ७० टक्के अल्फा रूप असते, तर लिंडेन जवळपास शुद्ध गॅमा असते; अल्फाचे गॅमाशी प्रमाण पाहून कोणती पावडर तिथे पडली होती याचा अंदाज येतो, आणि बीटाच अधिक उरले असेल तर प्रदूषण जुने आहे, कारण ते सर्वांत टिकाऊ रूप आहे.

कॅलिब्रेशन

प्रमाणपत्र असलेले स्टँडर्ड १० मिलिग्रॅम अचूक तोलून १० मिलिलिटर द्रावणात घ्यावे, शुद्धतेचा हिशेब करावा आणि ते शीतपेटीत उणे २० अंशांवर ठेवावे. त्यातून सर्व संयुगांचे एकत्र द्रावण करून २, ५, १०, ५०, १०० आणि २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा सहा पातळ्या बनवाव्यात. एक लिटर पाणी १ मिलिलिटरवर आणले की पाण्यातील ०.०१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे अर्कातील १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होते, म्हणून सर्वात खालच्या पातळ्या तिच्याही खाली ठेवल्या आहेत. सरळ रेषेचा सहसंबंध गुणांक ०.९९ च्या पुढे आला म्हणून समाधान मानू नये. वरच्या दोन बिंदूंच्या जोरावर तो तसा येतो आणि खालचा बिंदू पन्नास टक्के चुकलेला असू शकतो. प्रत्येक पातळीची रेषेवरून उलट गणना करून ती २० टक्क्यांच्या आत येते का, हे पाहावे. वरच्या पातळीहून जास्त आलेला नमुना पातळ करून पुन्हा टाकावा. डिटेक्टर तिथे सरळ रेषेत वागत नाही.

हजार पटींनी घट्ट केलेल्या अर्कातली ह्युमिक द्रव्ये इंजेक्टरच्या भिंती झाकतात आणि ऑर्गॅनोफॉस्फरस संयुगांचा प्रतिसाद शुद्ध हेक्झेनमधल्या स्टँडर्डपेक्षा वाढवतात. म्हणून अवशेषमुक्त असल्याची खात्री असलेल्या विहिरीच्या पाण्याचा अर्क करून त्यातच कॅलिब्रेशन बनवणे अधिक प्रामाणिक आहे.

‘आढळले नाही’ कधी म्हणावे

पद्धतीची शोधमर्यादा काढण्यासाठी शुद्ध पाण्याच्या सात वेगवेगळ्या बाटल्यांत संयुगाचे अगदी कमी प्रमाण मिसळून त्या सातही पूर्ण पद्धतीतून न्याव्यात. सात उत्तरांच्या प्रमाण विचलनाला ३.१४३ ने गुणले की शोधमर्यादा मिळते. समजा अल्फा-एचसीएच प्रति लिटर ०.०२ मायक्रोग्रॅम मिसळले आणि विचलन ०.००१५ आले, तर शोधमर्यादा ०.००४७ झाली. ती ०.०१ या मानकाखाली आहे. पण विश्वासाने आकडा देण्याची मर्यादा विचलनाच्या दहापट धरतात, ती ०.०१५ होते, म्हणजे मानकाच्या वर. अशी पद्धत अल्फा-एचसीएच आहे एवढे सांगू शकते, पण ते मर्यादेच्या आत आहे की बाहेर हे सांगू शकत नाही. तेव्हा अर्क अर्ध्या मिलिलिटरवर आणावा किंवा दोन लिटर पाणी घ्यावे, आणि सातही बाटल्या पुन्हा कराव्यात. यंत्राच्या माहितीपत्रकातली शोधमर्यादा येथे कामाची नाही, कारण तिने ना विहीर पाहिलेली असते ना फनेल.

प्रत्येक गटात दहा नमुन्यांमागे एक ब्लँक, एक स्पाइक आणि एक दुबार नमुना असावा. क्रम असा ठेवावा: द्रावक, डीडीटी-एंड्रिन परीक्षा, कॅलिब्रेशन, ब्लँक, स्पाइक, नमुने, आणि शेवटी मधल्या पातळीचे स्टँडर्ड पुन्हा. ते शेवटचे स्टँडर्ड २० टक्क्यांहून अधिक सरकले असेल, तर मधले सगळे नमुने पुन्हा चालवावेत. स्पाइकची रिकव्हरी ७० ते १२० टक्क्यांत यावी. ती ४० टक्के आली असताना इतर नमुन्यांत ‘आढळले नाही’ लिहिणे म्हणजे निम्म्याहून अधिक कीटकनाशक हरवून विहीर स्वच्छ ठरवणे आहे.

हिशेब

अर्कातील प्रमाण गुणिले अर्काचे आकारमान, भागिले नमुन्याचे आकारमान. अर्कात क्लोरपायरिफॉस ६४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, अर्क १.० मिलिलिटर आणि नमुना ०.९८५ लिटर असेल, तर उत्तर ६५ नॅनोग्रॅम, म्हणजे ०.०६५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. याच पाण्यात ०.५० मिसळून ०.५१ सापडले, तर रिकव्हरी ०.५१ वजा ०.०६५, भागिले ०.५०, म्हणजे ८९ टक्के. रिकव्हरीने उत्तर दुरुस्त करू नये; ती शेजारी लिहावी. ब्लँकमध्ये काही आढळले असेल तर तेही वजा न करता लिहावे आणि त्याचे कारण शोधावे.

हे ०.०६५ आयएस १०५०० च्या ३० या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे आणि बाटलीबंद पाण्याच्या ०.१ च्याही आत आहे. पण तेच उत्तर ०.४ आले असते, तर विहिरीचे पाणी एका मानकानुसार योग्य आणि दुसऱ्यानुसार अयोग्य ठरले असते. तुलना कोणत्या मानकाशी केली, हे अहवालात स्पष्ट लिहावे. माझ्या मते गावाला दोन्ही आकडे दाखवावेत. बाटलीतून पिणारा आणि विहिरीवरून पिणारा यांच्या शरीरात फरक नसतो.

सुरक्षितता आणि अहवाल

डायक्लोरोमिथेन नायट्राइलच्या पातळ हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जाते, म्हणून सगळे काम धूरकक्षात करावे आणि सांडले की हातमोजे लगेच बदलावेत. क्लोरीनयुक्त द्रावकांचा कचरा वेगळ्या बाटलीत साठवावा. तो बेसिनमध्ये ओतला, तर ज्याचा शोध घेत आहोत तेच आपण कोणाच्या तरी पाण्यात सोडतो.

अहवालात प्रत्येक संयुगापुढे चार आकडे असावेत: सापडलेले प्रमाण, आकडा देण्याची मर्यादा, त्या दिवशीची रिकव्हरी आणि मानकाची मर्यादा. काही सापडले नसेल तेथे ‘आढळले नाही’ एवढेच न लिहिता ‘०.००५ पेक्षा कमी’ असे लिहावे. विहिरीच्या मालकाला देण्याच्या प्रतीत नमुन्याची तारीख, शेवटची फवारणी आणि पाऊस यांची नोंद वर यावी, आणि काही सापडले असेल तर पुढच्या पावसानंतर दुसरा नमुना कोणत्या आठवड्यात घ्यायचा तेही लिहून द्यावे. उरलेला अर्क लहान काचकुपीत बंद करून, नमुना क्रमांक लिहून, चाळीस दिवस उणे २० अंशांवर ठेवावा, म्हणजे कोणी निकालाबद्दल विचारले तर तोच अर्क पुन्हा यंत्रात टाकता येतो.